आधी धुणं, मग गोष्ट

गोधडीच्या बाईंना डागांचा राग आहे, असं शाळेत सगळे म्हणत. पण ते खरं नव्हतं. राग माणसांचा येतो. डाग हे बाईंच्या लेखी काम होतं, आणि काम पुढ्यात पडलं की ते निस्तरल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

एकतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होत्या. तळघरातली लांबट खोली, तीन अवाढव्य मशिनं, वाफेने पोपडे धरलेल्या भिंती, आणि दिवसभर असा आवाज की तिथल्या बायका घरी गेल्यावरही ओरडूनच बोलत. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे कपडे. मशीनला दाद न देणारा कपडा वेगळ्या टोपलीत पडायचा आणि ती टोपली बाईंसमोर यायची. रक्त, आयोडीन, शाई, गंज, मलम. कशाला थंड पाणी, कशाला लिंबू, कशाला रॉकेल आणि कशाला नुसतं ऊन, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मुकादमबाईने त्यांना बजावलं होतं, "डाग कशाचा आहे ते बघ. कसा दिसतो ते बघू नकोस. कसा दिसतो ते बघत बसलीस तर दुपारी डबा उघडवणार नाही."

बाईंनी ते गाठीशी पक्कं बांधलं. त्यांच्या हाताखालून हजारो चादरी गेल्या, पण कोणत्या चादरीवर कोण कसं पडून होतं, हा विचार त्यांनी एकदाही केला नाही. त्यांना कुणी कठोर म्हणेल. तसं म्हणणाऱ्याने एक आठवडा त्या तळघरात काढून बघावा.

विरलेल्या चादरी बाद व्हायच्या. त्या बाई रीतसर विचारून घरी आणायच्या, पुन्हा दोनदा धुवायच्या आणि त्यांच्या गोधड्या शिवायच्या. वर रंगीत तुकडे, खाली पांढरं अस्तर, आणि मध्ये मुंग्यांच्या रांगेसारखा बारीक टाका. ओळखीपाळखीत एक बाळ असं नव्हतं, जे बाईंच्या गोधडीवर लोळलं नाही. बाईंच्या गोधडीसारखी मऊ गोधडी बाजारात मिळत नाही, असं बाळांच्या आया म्हणत. तो मऊपणा कुठून येतो ते आयांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

मग त्या निवृत्त झाल्या आणि घरावर संक्रांत आली. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. रस्त्याकडच्या खिडकीत टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचा. त्याच्या डोक्यावरचे पडदे आठवड्यातून दोनदा उतरायला लागले. उशांचे अभ्रे, पायपुसणी, घड्याळाखाली पसरायचं फडकं, काही म्हणून जागेवर सापडेना. एक दिवस तो म्हणाला, "आता मलाच तेवढं भिजत घालायचं राहिलंय." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या शर्टाची कॉलर खरंच मळलेली होती.

या अवस्थेत त्यांना शाळेचं बोलावणं आलं. तिथल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, त्यांच्या नातवाला बाईंची गोधडी मिळाली होती. मोठ्या बाईंच्या डोक्यात नेहमी काहीतरी शिजत असायचं. या वेळी असं शिजलं, की सहावीच्या मुलांनी घरून एकेक जुना तुकडा आणायचा, त्याची गोष्ट वर्गाला सांगायची, आणि सगळ्या तुकड्यांची मिळून एक गोधडी शिवायची. दर बुधवारी शेवटचे दोन तास, चित्रकलेच्या खोलीत. सध्या एका सत्रापुरतं. सत्राच्या शेवटी संस्थेचे लोक येऊन बघतील आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवतील.

"गोष्टीबिष्टी तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "मी टाके शिकवीन."

"तुम्ही फक्त ऐकायचं हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं काय, बोलतातच."

बाई हो म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा आवाज इतका साधा ठेवला होता, की त्याने भिंग काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. बायको खूश असली की उगाच रुक्ष बोलते, हे त्याला चाळीस वर्षांत कळलं होतं.

पहिल्या बुधवारी बाईंनी फळ्याजवळ उभं राहून नियम सांगितला. तो त्यांचा स्वतःचा होता आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. आज तुकडे द्यायचे. ते त्या घरी नेतील, धुतील, इस्त्री करतील. न धुतलेलं कापड कधी जोडायचं नाही. एक आटतं, दुसरं रंग सोडतं आणि सगळी गोधडी वाया जाते. पुढच्या बुधवारी ज्याने त्याने आपला स्वच्छ तुकडा हातात घ्यायचा आणि बोलायचं. "आधी धुणं, मग गोष्ट. आणि गोष्ट सांगताना तुकडा कुठून निघाला तिथपासून इथे कसा पोचला तिथपर्यंत सगळं सांगायचं. मधलं काही गाळायचं नाही. मधला टाका गाळला तर काय होतं?"

"उसवतं," दोघातिघांनी सांगितलं.

"आणि अस्तर कोण आणणार, बाई?" पहिल्या बाकावरच्या चष्मिष्ट मुलाने विचारलं.

"अस्तर मी देईन."

"मग त्याची गोष्ट तुम्ही सांगणार?"

"अस्तराला गोष्ट नसते," बाई म्हणाल्या आणि तुकडे गोळा करायला लागल्या.

सव्वीस मुलं, सव्वीस तुकडे. एकाने छत्रीचं काळं कापड आणलं होतं, एकीने पडद्याचा कोपरा, एकाने वडिलांच्या विजारीचा फाटका खिसा. एका मुलाच्या आईने कालच घेतलेला कोरा रुमाल पाठवला होता, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. अंगाने बारीक, येताजाता भिंतीच्या कडेकडेने चालणारी, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणायचा. तिने चौघडी केलेला पिवळा तुकडा पुढे केला. लहान मुलीच्या फ्रॉकचा पाठीकडचा भाग. बाईंनी तो उलगडला तर मधोमध मोठा काळा डाग.

"बाई, याच्यावर ना..." मुंगी म्हणाली.

"आत्ता नाही. पुढच्या बुधवारी. कापड स्वच्छ झालं की बोल."

मुंगीने मान हलवली. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार, असं अकराव्या वर्षापर्यंत मुलांना वाटतं.

पंचवीस तुकडे एका दुपारी धुऊन निघाले. सव्विसावा हटून बसला. बाईंनी तो उजेडात धरला, वास घेतला, नखाने खरवडला. यंत्राचं ऑइल, काळं, पाच-सहा वर्षांचं मुरलेलं. आधीही कुणीतरी अर्धवट हात मारून तो पसरवलेला होता, आणि दुसऱ्याने अर्धवट केलेलं काम बघून त्यांचा हुरूप वाढायचाच. पहिल्या दिवशी त्यांनी डागावर खडूची पूड दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने रॉकेल टिपलं, मग गरम पाणी, मग सोडा. डाग फिका झाला, गेला नाही. त्यांनी सगळं पहिल्यापासून परत केलं.

नवरा चहा प्यायला उठला आणि दोरीवरच्या तुकड्यापाशी थांबला. सवयीने त्याने भिंग डोळ्याला लावलं. "अगं, हा पंजा दिसतोय."

"डाग आहे."

"ही बघ बोटं. हा अंगठा."

"पंजा असो नाहीतर मोर असो, ऑइल आहे ते," बाई म्हणाल्या. "पोरीला बिचारीला लाज वाटत असेल. सगळ्यांचे तुकडे कसे छान."

"त्या डागाने तुझं काय घोडं मारलंय, कळत नाही," असं म्हणून तो आपल्या खिडकीत जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी तुकड्याला इस्त्री केली. पिकल्या लिंबासारखा पिवळा, कुठे काही खूण नाही. त्यांनी तो गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला.

दुसऱ्या बुधवारी वर्ग रंगला. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या ते खरं निघालं. मुलांना बोलायला सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं. खिशाची गोष्ट अशी होती, की त्याच्या भोकातून घराची किल्ली पडली आणि सगळं कुटुंब अख्खी दुपार जिन्यात बसून राहिलं. तिथे वडिलांनी मुलांना पहिल्यांदा आपल्या शाळेतल्या खोड्या सांगितल्या, म्हणून किल्ली हरवली ते बरंच झालं. कोऱ्या रुमालाचा मालक उठला आणि म्हणाला, "माझ्या तुकड्याला अजून काही झालेलं नाही." सगळे हसले. बाई म्हणाल्या, "होईल." आणि त्याही हसल्या. आपण फक्त टाके शिकवायला आलो होतो, हे त्या अर्ध्या तासात विसरून गेल्या होत्या.

मग मुंगीची पाळी आली. तिने तुकडा घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा माझा नाही, बाई."

"तुझाच आहे. बघ कसा निघालाय. तीन दिवस लागले मला."

मुंगीने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. उजेड आरपार आला. "याच्यावर बाबांचा हात होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. रडलीही नाही. तिने तुकड्याची आधी होती तशीच चौघडी घातली आणि तो टेबलावर ठेवला. "हा लावू नका." मग भिंतीच्या कडेने जाऊन ती जागेवर बसली.

पुढची दोन मुलं काय बोलली ते बाईंना कळलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणाला नाही. त्याने एक घड्याळ उघडलं, पुन्हा बंद केलं आणि विचारलं, "वडील आहेत ना तिचे?" बाईंना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडून कळलं. वडील चार वर्षांमागे गेले. शाळेच्या पुढच्या वळणावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता मुंगीची आई चालवते.

बाईंनी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती असं नाही, पण कामात कधी मागावी लागली नव्हती. त्या दुकानासमोरून दोनदा पुढे गेल्या. तिसऱ्या खेपेला आतूनच आवाज आला, "हवा भरायचीय का?"

"माझी सायकल नाही," बाई म्हणाल्या. "मी गोधडीची बाई."

मुंगीच्या आईने चाक खाली ठेवलं. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते. तिने एक स्टूल पुसून पुढे केलं, पुसताना ते आणखी मळलं, आणि बाई मुकाट्याने त्याच्यावर बसल्या.

"कळलं मला," आई म्हणाली. "घरी आली ती बोललीच नाही. जेवताना सांगितलं."

"डाग होता, म्हणून मी..."

"डागच होता." आईने चिंधी उचलली आणि बोटं पुसत राहिली. "पाच वर्षांची होती. नवा फ्रॉक, पहिल्यांदा घातलेला. म्हणाली, मला सायकल शिकवा, आत्ताच्या आत्ता. यांनी दुकानातून तसेच उठून तिला सायकलवर बसवलं. मी आधीच सांगितलं होतं, फ्रॉकला हात लावू नका. ते नुसते मागून पळत होते, हात असे वर धरून. त्या वळणावर ती कलंडली आणि यांनी पाठीला हात दिला. पडली नाही. पण फ्रॉकची वाट लागली."

"मग?"

"मग मी तोंड सोडलं. यांनी गपचूप रॉकेल घेऊन घासलं, तर डाग उलट पसरला. मी दोन दिवस बोलले नाही." तिने चिंधी खांद्यावर टाकली. "त्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. त्यांना बरं वाटलं असतं."

दुकानात टायरचा वास होता आणि भिंतीला एका ओळीत नट फिरवायचे पाने लटकत होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. शेवटी त्यांनी विचारलं, "पुन्हा तसा डाग पाडता येईल का? ऑइल तेच असेल ना?"

"ऑइल काय, डबाभर आहे," आई म्हणाली. "हात कुठून आणू?"

एक माणूस पंक्चर घेऊन आला. आई उठली. बाईही उठल्या, तेव्हा तिने पाठमोरीच विचारलं, "तिला सांगितलंत का, चुकलं म्हणून?"

सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं की मुलीला पोचतं, असा मोठ्या माणसांचा समज असतो.

तिसऱ्या बुधवारी बाईंनी पिवळा तुकडा टेबलावर पसरला. बाकीचे तुकडे मुलं जोडायला लागली होती. सुयांत दोरा ओवण्याची झटापट चालू होती. बाईंनी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी ऐकायच्या आधी धुतलं. तू सांगायला लागली होतीस, मीच थांबवलं."

मुंगीने वर बघितलं नाही.

"हात कसा होता ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी बघितलाच नाही. तू बघितला आहेस. सांगशील का?"

मुंगी बाकाची कड नखाने खरवडत राहिली. बाईंनी आपला डावा हात तुकड्यावर ठेवला आणि शिंप्याच्या खडूने कडेकडेने रेघ मारली. हात उचलला. तो धुऊन धुऊन आक्रसलेल्या, अरुंद हाताचा आकार होता.

"एवढा लहान नव्हता," मागून आवाज आला.

"मग केवढा?"

"मोठा."

नेमका तेव्हा शाळेचा शिपाई नोटिशीची वही घेऊन दारात आला. सहा फुटी माणूस, घंटा त्याच्या हातात खुळखुळ्यासारखी दिसायची. बाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. "काका, जरा हात द्या."

"काय केलं मी?" शिपाई म्हणाला.

"काही नाही. इथे ठेवा."

शिपायाने आधी पँटला हात पुसला, मग सगळ्या वर्गादेखत तो तुकड्यावर ठेवला आणि लाजून छताकडे बघायला लागला. खडू फिरला तशी त्याला गुदगुली झाली, मुलं हसली. मुंगी बाकावरून उठली. भिंतीच्या कडेने नाही, सरळ मधून आली.

"अंगठा आणखी खाली होता. इथे, काजापाशी."

शिपायाने अंगठा खाली केला.

"आणि करंगळी सरळ नव्हती. चेनमध्ये सापडली होती एकदा. ती बाहेरच्या बाजूला होती, अशी."

शिपायाने करंगळी वाकवून बघितली. वाकेना. दुसऱ्या हाताने ओढली, तरी परत जागेवर. "माझी मोडलेली नाही ना," तो अपराध्यासारखा म्हणाला. मुंगीने बाईंच्या हातातला खडू घेतला, शिपायाच्या करंगळीची रेघ बोटाने पुसली आणि तिथे स्वतः वाकडी रेघ काढली. एकदा. खोडली नाही. मग मागे सरकून बघितलं आणि म्हणाली, "काळा दोरा आहे का?"

पुढचे तीन बुधवार तिने तो हात स्वतः शिवला. तिचे टाके काही बारीक नव्हते. तळव्यापाशी एक चांगला बोटभर लांब पडला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर बाईंनी कात्री घेतली असती. त्या तिथे वाकल्या, बघितलं, आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

गोधडी पूर्ण झाली. बाईंनी घरून पांढरं अस्तर आणलं, मुलांनी ते कडेने टाचलं. संस्थेचे लोक यायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर उद्याचा कार्यक्रम टाइप करून ठेवला होता.

"मुलं दोन-दोन मिनिटं बोलतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती सायकलवाल्याची मुलगी आहे ना, तिने नुसतं 'हा माझ्या बाबांचा हात' एवढं म्हटलं तरी पुरे. छान वाटतं ऐकायला. ते धुण्याबिण्याचं कशाला? हात दाखवून अवलक्षण. मुलांच्या वस्तू खराब होतात असं संस्थेच्या लोकांच्या डोक्यात बसलं, तर पुढच्या वर्षी तास विसरा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना तो तास बाईंइतकाच हवा होता. आणि बाईंना तो किती हवा होता ते सांगायचं, तर बुधवार सोडून आठवड्यात दुसरा वार उरला नव्हता. हा तास गेला तर पुन्हा तेच पडदे आणि तीच पायपुसणी.

जिन्यात मुंगी उभी होती. तिने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. "बाई, उद्या तुम्ही धुतलं ते सांगायचं का?"

'नको' हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. सोपा होता, आणि मुलीने ऐकलाही असता. मागे एकदा ऐकलंच होतं. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "गोष्ट तुझी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमची पण आहे थोडी," मुंगी म्हणाली आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात दोन उंच टेबलांवर बांबू आडवा टाकून गोधडी टांगली होती. पुढे संस्थेचे तीन गृहस्थ आणि एक बाई, मागे पालक. मुंगीची आई दाराशी उभी होती, हात धुऊन आलेली, तरी नखांत काळं होतंच. बाईंचा नवरा शेवटच्या रांगेत बसला होता. मुलं एकेक करून पुढे आली. किल्लीवर सगळे हसले. कोऱ्या रुमालाच्या मालकाने सांगितलं, की गोधडी शिवताना सुई टोचली आणि रुमालावर रक्ताचा ठिपका पडला, तेवढी आता एक गोष्ट झाली. बाईंनी तो धुवायचा का असं विचारलं होतं, त्याने नको म्हटलं होतं.

मुंगी पुढे आली. तिने बोट ठेवलं.

"हा माझा फ्रॉक. मी सायकलवरून पडत होते तेव्हा बाबांनी मागून धरलं, त्यांच्या हाताला ऑइल होतं. आई रागावली. मग बाबा वारले. मग मी हा शाळेत आणला आणि बाईंनी तो धुतला. त्यांना माहीत नव्हतं, कारण मी सांगत होते तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी सॉरी म्हटलं. मग आम्ही हात परत काढला. हा आकार शिपाईकाकांचा आहे. करंगळी बाबांची आहे."

दाराशी उभ्या असलेल्या आईने तोंड फिरवलं. पुढच्या रांगेतल्या जाड गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या बाईंनी धुतला?"

मोठ्या बाईंनी जमिनीकडे बघितलं. बाईंनी हात वर केला. बोटात शिवताना घातलेलं अंगुस्तान तसंच राहिलं होतं. "मी," त्या म्हणाल्या.

गृहस्थ उठून गोधडीपाशी आले. त्यांनी काळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं, मग गोधडी उलटून मागची बाजू हातात घेतली. "काय मऊ आहे हो," ते म्हणाले. "हे कुठलं कापड?"

"अस्तराची गोष्ट राहिली, बाई," पहिल्या बाकावरचा चष्मिष्ट मुलगा म्हणाला. त्याने मुद्दाम म्हटलं नव्हतं. कुणाकुणाची गोष्ट झाली याची त्याची यादी अपुरी राहत होती, एवढंच.

बाईंनी मागच्या रांगेत बघितलं. नवऱ्याची नजर भिंगाखालच्या घड्याळांची, त्यामुळे त्याला एवढ्या लांबून काही दिसत नसणार, पण तो बघत होता.

"ती हॉस्पिटलची चादर आहे," बाई म्हणाल्या. "बाद झालेली. एकतीस वर्षं मी असल्या चादरी धुतल्या. त्यावर माणसं झोपून गेली, बरी झाली, काही नाही झाली. त्यांचे डाग होते. डाग कशाचा ते मी प्रत्येक वेळी बघितलं." त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढलं. "कुणाचा ते एकदाही बघितलं नाही. म्हणून या चादरीची गोष्ट मला सांगता येत नाही."

त्या गृहस्थांनी अस्तरावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी हात परत तिथे ठेवला.

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात बुधवारचा तास होता. का ठेवला ते कुणी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. पहिल्या दिवशी नव्या सहावीतल्या एका मुलीने उशीचा अभ्रा पुढे केला. कोपऱ्यात तपकिरी, पसरट काहीतरी. चहा असणार, किंवा काढा. चहा असेल तर गरम पाणी आणि लिंबू, एका दुपारचं काम. बाईंचे हात सवयीने पुढे झाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि त्या डागाच्या कडेकडेने बघत बसल्या.

"कुणाचा गं हा?" त्यांनी विचारलं.